अंतर आणि बेरीज

मराठीत ‘अंतर’ हा शब्द फार राबतो. दोन गावांमधले अंतर, दोन भावंडांच्या वयातले अंतर, पोथीच्या दोन पाठांमधले अंतर... आणि ‘मला अंतर देऊ नका’ असे कुणी म्हणते तेव्हा तर तो थेट काळजाला भिडतो. यांतली कितीतरी अंतरे फूटपट्टीने मोजता येत नाहीत. तरीही जवळ काय आणि दूर काय, हे आपल्याला बरोबर कळते. मग मला प्रश्न पडतो, की अंतर म्हणण्यासाठी नेमके लागते तरी काय? जागा लागते? सरळ रेघ लागते? की आकडेमोड लागते?

हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी गणितात विचारला गेला. त्याच्या उत्तरातून दोन कल्पना पुढे आल्या. एक मेट्रिक अवकाश, दुसरी नॉर्म्ड सदिश अवकाश. नावे ऐकून घाबरू नका, दोन्ही आपल्या अंगणातल्याच आहेत. गणिताच्या पदव्युत्तर वर्गात या दोघांचे नाते एका वाक्यात सांगून टाकतात : प्रत्येक नॉर्म्ड अवकाश हा मेट्रिक अवकाश असतो, उलटे मात्र खरे नाही. वाक्य शंभर टक्के खरे आहे. पण माझ्या मते ती अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी इतिहासात आहे, आणि तो इतिहास सांगावा म्हणूनच हा लेख.

आधी अंगणातली गोष्ट. गोव्यातली सगळी गावे घ्या आणि कोणत्याही दोन गावांमधले अंतर म्हणजे त्यांच्यामधली सर्वांत जवळची वाट, असे ठरवा. फेरीबोटीची वाट असली तर तीही धरा. या अंतरात तीन गोष्टी दिसतात. गावाचे स्वतःपासूनचे अंतर शून्य, आणि दोन वेगळ्या गावांमधले अंतर कधीच शून्य नाही. डिचोलीहून वाळपई जितकी लांब, तितकीच वाळपईहून डिचोली लांब. आणि वाटेत तिसरे गाव घेतले म्हणून एकूण वाट कधी आखडत नाही, झालीच तर वाढते. या तिसऱ्या अटीला त्रिकोणी असमानता म्हणतात. बस्स, एवढ्या तीन अटी पाळणारे जे काही मोजमाप असेल ते मेट्रिक, आणि असे मोजमाप ज्या समूहावर आहे तो मेट्रिक अवकाश.

अटी साध्या दिसतात, पण त्या फुकटच्या नाहीत. किलोमीटरऐवजी प्रवासाचा वेळ मोजायला लागा. बेळगावहून चोर्ला घाट उतरून पणजीला यायला लागणारा वेळ आणि तोच घाट चढून परत जायला लागणारा वेळ सारखा नसतो. दुसरी अट मोडली! म्हणजे आपण रोज ‘दोन तासांच्या अंतरावर’ असे जे म्हणतो ते गणिताच्या काटेकोर अर्थाने अंतर नव्हेच.

आता गावांच्या या अवकाशात काय नाही ते पाहा. तिथे बेरीज नाही. वाळपई अधिक डिचोली म्हणजे काय? वाळपईची दुप्पट म्हणजे कुठले गाव? या प्रश्नांना अर्थच नाही. अंतर आहे, पण बेरीज नाही. मला ही साधी गोष्ट फार मोठी वाटते. कारण शतकानुशतके गणितात अंतर नेहमी आकड्यांच्या पोटातून आले होते. बिंदूचे निर्देशांक घ्या, वजाबाकी करा, वर्ग करा, मिळवा, वर्गमूळ काढा. अंतर हे आकडेमोडीचे अपत्य होते. ते तिच्यापासून वेगळे काढता येईल, हे कुणाला तरी सुचावे लागले.

ते सुचले मोरिस फ्रेशे या तरुण फ्रेंच गणितज्ञाला. फ्रेशेचा जन्म १८७८ चा. पॅरिसमध्ये शाळेत असताना त्याला झाक हादामार हे शिक्षक लाभले. विद्यार्थ्याची चमक हेरून त्यांनी त्याला हाताशी धरले. पुढे हादामार युरोपातल्या आघाडीच्या गणितज्ञांमध्ये गणले गेले, आणि फ्रेशेने आपला प्रबंध त्यांच्याच मार्गदर्शनाखाली लिहिला. तो १९०६ साली सिसिलीतल्या पालेर्मोच्या गणितविषयक नियतकालिकात छापून आला.

त्या काळी अडचण अशी होती, की गणितज्ञांना आता नुसत्या बिंदूंशी काम नव्हते. वक्ररेषा, फलने, पृष्ठभाग यांच्याविषयी ‘हे त्याच्या जवळ जाते’ अशी भाषा करावी लागत होती. इटलीत व्होल्तेराने १८८७ पासून ‘रेषांची फलने’ अभ्यासायला घेतली होती. प्रत्येक ठिकाणी जवळिकीचा अर्थ नव्याने सांगावा लागे आणि तीच तीच सिद्धता पुन्हा लिहावी लागे. फ्रेशे म्हणाला, वस्तू काय आहेत हे विचारूच नका. त्या बिंदू असोत, फलने असोत, आणखी काही असो. त्यांच्यात वर सांगितलेल्या तीन अटींचे अंतर आहे ना, मग झाले! त्याने अंतरासाठी ‘एकार’ असा साधा फ्रेंच शब्द वापरला. पूर्णता, संहतता अशा आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात असणाऱ्या कल्पना त्या प्रबंधात आपल्याला भेटतात.

‘मेट्रिक अवकाश’ हे नाव मात्र त्याचे नव्हे. ते दिले फेलिक्स हाउसडॉर्फ या जर्मन गणितज्ञाने, १९१४ सालच्या आपल्या संचशास्त्रावरील ग्रंथात. हा मनुष्य ‘पाऊल मोंग्रे’ या टोपणनावाने तत्त्वचिंतन आणि कविता लिहीत असे. त्याचे एक नाटकही रंगभूमीवर आले होते. लेखकाच्या हातून आलेले नाव म्हणूनच ते टिकले की काय, असे मला गमतीने वाटते.

इथवर अंतराचा प्रवाह झाला. दुसरा प्रवाह बेरजेचा. तो खरे तर आधीचा, पण बराच काळ भूमिगत वाहत राहिलेला. जर्मनीतल्या हेर्मान ग्रासमान या शाळामास्तराने १८४४ साली एक ग्रंथ लिहिला. दिशा आणि लांबी असलेल्या राशींची बेरीज, त्यांची पट, हे सगळे त्याने सर्वसाधारण रूपात मांडले. कुणी वाचला नाही, आणि न खपलेल्या प्रती शेवटी रद्दीत गेल्या. १८८८ साली इटलीच्या पेआनोने त्यातले सार घेऊन आज ज्याला आपण सदिश अवकाश म्हणतो त्याचे नियम स्वच्छ शब्दांत लिहिले. तेही पुढची तीसेक वर्षे जवळजवळ दुर्लक्षित राहिले.

सदिश अवकाश म्हणजे बाण काढलेला कागदच असे नव्हे. आपल्या किनाऱ्यावरचे उदाहरण घेऊ. मुरगाव बंदरातल्या पाण्याची पातळी दिवसभर कशी चढते-उतरते त्याचा आलेख काढला, तर एक लाटेसारखी रेघ मिळेल. ही रेघ मुख्यतः दोन रेघांची बेरीज असते : एक चंद्राच्या ओढीची, एक सूर्याच्या ओढीची. अमावास्या-पौर्णिमेला दोन्ही एकमेकींना साथ देतात म्हणून उधाण येते. अष्टमीच्या सुमारास त्या एकमेकींना खातात म्हणून भांगाची भरती सुस्त असते. म्हणजे इथे बेरीज ही कागदावरची करामत नाही, तर समुद्र ती रोज करतो. गावांची बेरीज होत नाही, पण भरतीच्या रेघांची होते.

आता अशा रेघेला ‘आकार’ द्यायचा. तिची सर्वांत मोठी उंची किंवा खोली म्हणजे तिचा मोठेपणा, असे ठरवू. या मोठेपणाला नॉर्म म्हणतात. त्याच्याही तीन अटी : फक्त शून्य रेघेचाच मोठेपणा शून्य. रेघ दुप्पट केली की मोठेपणा दुप्पट. आणि दोन रेघांच्या बेरजेचा मोठेपणा त्यांच्या मोठेपणांच्या बेरजेहून जास्त नाही. हंगेरीच्या फ्रिजेश रीसने १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात सतत फलनांसाठी हेच केले. त्याने नॉर्म हाच शब्द वापरला आणि त्याचे गुणधर्म नोंदवले.

दोन्ही प्रवाहांचा संगम झाला तो ल्वूव्ह या शहरात. तिथे ज्याने तो घडवला त्या स्तेफान बानाखची कहाणी कादंबरीसारखी आहे. जन्म क्राकूव्हचा, ३० मार्च १८९२ चा. आई जन्मानंतर लवकरच आयुष्यातून निघून गेली. आडनाव तिचे, नाव वडिलांचे. मुलाला वाढवले ते क्राकूव्हमध्ये धुलाईचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईने आणि तिच्या मुलीने. ल्वूव्हच्या तंत्रविद्यालयात थोडे शिक्षण झाले, पण गणिताची पदवी नव्हती. १९१६ साली क्राकूव्हच्या बागेतून गणितज्ञ ह्यूगो स्टाइनहाउस फिरत असता दोन तरुणांच्या बोलण्यात ‘लबेग समाकल’ हे शब्द त्याच्या कानी पडले. तो विषय त्या काळी इतका नवा, की स्टाइनहाउस थबकला आणि ओळख करून घेतली. त्यातला एक बानाख. आपल्या सर्व शोधांत बानाख हा सर्वांत मोठा शोध, असे स्टाइनहाउस पुढे म्हणत असे.

बानाखने आपला प्रबंध जून १९२० मध्ये ल्वूव्हच्या विद्यापीठाला सादर केला. तो १९२२ साली फ्रेंचमध्ये छापून आला. त्यात त्याने नियमांचे तीन गट एकाखाली एक मांडले. पहिला गट बेरजेचा आणि पटीचा. दुसरा नॉर्मचा. तिसरा पूर्णतेचा, म्हणजे एकमेकांच्या जवळ जवळ येत जाणाऱ्या क्रमाला पोचायला जागा असलीच पाहिजे, मध्ये भोक नको. ग्रासमान-पेआनोची बेरीज आणि फ्रेशेचे अंतर एका घरात नांदायला आले ते असे.

अशा वेळी कल्पना हवेतच असते म्हणतात ते खरे. त्याच सुमारास व्हिएन्नाच्या हान्स हानने आणि अमेरिकेच्या नॉर्बर्ट वीनरनेही स्वतंत्रपणे तसेच नियम मांडले. १९२० साली स्ट्रासबुर्गला गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्या निमित्ताने युरोपात आलेला वीनर तिथे प्राध्यापक असलेल्या फ्रेशेच्या सहवासात काम करीत होता. काही काळ या अवकाशांना ‘बानाख-वीनर अवकाश’ म्हटले जाई, असे वीनरने आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्याने लवकरच हा विषय सोडला आणि नाव एकट्या बानाखचे राहिले.

या वीनरपाशी आपल्या गोव्याचा एक धागा जाऊन पोचतो. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी बौद्ध ग्रंथांच्या कामासाठी हार्वर्डला गेले. सोबत गेलेला त्यांचा मुलगा दामोदर तिथेच शिकला, आणि विद्यार्थिदशेतच वीनर व बर्कहॉफ या गणितज्ञांच्या परिचयाचा झाला. दामोदर कोसंबींना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो, पण १९४३ साली त्यांनी ‘फलन-अवकाशातील संख्याशास्त्र’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध भारतीय गणित संस्थेच्या नियतकालिकात लिहिला. एक अख्खी अनियमित रेघ म्हणजे अवकाशातला एक बिंदू, असे मानून तिचे सोप्या घटकांच्या बेरजेत विघटन कसे करायचे, हा त्याचा विषय. ते तंत्र पुढे १९४७-४८ च्या सुमारास कारहुनेन आणि लोएव्ह यांनीही स्वतंत्रपणे मांडले आणि त्यांच्याच नावाने चालले. आता कोसंबींचे नावही त्याला जोडले जाऊ लागले आहे.

आता वर्गात सांगतात ते नाते नीट पाहू. नॉर्म असला की अंतर आपोआप मिळते : दोन सदिशांची वजाबाकी करा, तिचा मोठेपणा म्हणजे अंतर. आजच्या आणि उद्याच्या भरतीच्या रेघा एकमेकींवर ठेवा. त्यांच्यातली सर्वांत मोठी फट म्हणजे त्यांच्यातले अंतर. बुद्धिबळाच्या पटावरचा राजाही अशाच एका नॉर्मने चालतो. डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात जायला त्याला सात चाली, आणि तिरके थेट समोरच्या कोपऱ्यात जायलाही सातच! कारण त्याच्या जगात आडव्या आणि उभ्या सरकण्यांपैकी जे मोठे ते अंतर.

उलट दिशेने जायचे तर? समजा सदिश अवकाश आहे आणि त्यावर अंतर दिले आहे. ते नॉर्ममधून आले आहे की नाही हे दोन कसोट्यांनी ओळखता येते. दोन्ही बिंदू सारखेच सरकवले तर अंतर बदलता कामा नये. आणि सगळे चित्र तिप्पट केले तर अंतरही तिप्पट व्हायला हवे. दोन्ही कसोट्या उतरल्या तर नॉर्म नक्की आहे. पण संख्यारेषेवर नेहमीचे अंतर घेऊन त्याला ‘एक अधिक तेच अंतर’ याने भागा. मेट्रिकच्या तिन्ही अटी पाळल्या जातात, तरी हे नवे अंतर कितीही लांब गेलात तरी एकच्या पुढे जात नाही. तिप्पट करण्याची कसोटी ते पार करणार कसे?

म्हणजे नॉर्म हा अंतराहून श्रीमंत. पण श्रीमंती दर वेळी लागतेच असे नाही, हेही बानाखच्याच प्रबंधात दिसते. तिथे एक प्रमेय आहे : जे रूपांतर सगळी अंतरे ठरावीक प्रमाणात आखडते, त्यात नेमका एक बिंदू जागच्या जागी राहतो. गोव्याचा नकाशा पणजीतल्या टेबलावर पसरा. नकाशावरचा एक आणि एकच बिंदू असा असतो की तो जिथली जागा दाखवतो त्याच जागेच्या बरोबर वर तो असतो. बानाखने हे नॉर्म्ड अवकाशांसाठी मांडले होते, पण सिद्धता तपासली तर तिच्यात बेरीज कुठे लागतच नाही. नुसते अंतर आणि पूर्णता पुरते. १९३० साली इटलीच्या काचोपोलीने ते मेट्रिक अवकाशांसाठी सांगितले. आज विकलक समीकरणाला उत्तर आहे की नाही हे ठरवताना विद्यार्थी हेच प्रमेय वापरतात.

बेरीज कुठे लागते आणि कुठे लागत नाही, याची जाण बानाखला किती स्पष्ट होती ते त्याच्या ग्रंथात कळते. हा ग्रंथ त्याने १९३१ साली आधी आपल्या पोलिश भाषेत लिहिला आणि १९३२ मध्ये फ्रेंचमध्ये आणला. त्यात त्याने अवकाशांना अक्षरे दिली. जिथे बेरीज आहे, अंतर आहे, दोघांचे पटते आणि पूर्णताही आहे, पण नॉर्म असेलच असे नाही, त्यांना ‘एफ’ हे अक्षर, फ्रेशेच्या नावाचे. जिथे नॉर्मही आहे त्यांना ‘बी’. या ‘बी’ प्रकाराला ‘बानाख अवकाश’ हे नाव रूढ केले ते फ्रेशेने! दोघांनी एकमेकांच्या नावाची पाटी लावली, स्वतःच्या नाही. आज फ्रेशे अवकाशाच्या व्याख्येत बहिर्वक्रतेची आणखी एक अट घालतात, पण पाटी तीच आहे.

‘एफ’ आणि ‘बी’ यांत फरक काय पडतो? पुष्कळ पडतो. नॉर्म असला की अवकाशावर बेरीज जपणारी आणि अचानक उड्या न मारणारी भरपूर मोजमापे मिळतात, इतकी की कोणतेही दोन सदिश त्यांनी वेगळे ओळखता यावेत. हान आणि बानाख यांचे प्रसिद्ध प्रमेय (१९२७ आणि १९२९) हेच सांगते. नुसत्या ‘एफ’ प्रकारात याची हमी नाही. १९४० साली डे या अमेरिकन गणितज्ञाने दाखवले, की त्यांतल्या काही अवकाशांवर शून्य सोडले तर असे एकही मोजमाप नसते. तिथे अंतर आहे, बेरीज आहे, पण बाहेरून पाहणाऱ्याला काहीच पारखता येत नाही.

आता ती उरलेली अर्धी गोष्ट. ज्या गावांची बेरीज होत नाही, त्यांना बेरजेच्या घरात जागा आहे का? आहे, आणि प्रत्येकाला आहे. समजा क, ख, ग अशी तीन गावे आहेत. क ते ख १० किलोमीटर, ख ते ग ७, क ते ग १२. प्रत्येक गावासाठी एक यादी करा, त्याचे क, ख, ग पासूनचे अंतर क्रमाने लिहून. क ची यादी ०, १०, १२. ख ची १०, ०, ७. ग ची १२, ७, ०. आता क आणि ख यांच्या याद्यांची ओळीने वजाबाकी करा. फरक १०, १०, ५. सर्वांत मोठा १०, म्हणजे नेमके त्यांच्यातले अंतर! ख आणि ग : फरक २, ७, ७, सर्वांत मोठा ७. क आणि ग : १२, ३, १२, सर्वांत मोठा १२. जादू नाही, त्रिकोणी असमानतेची करणी आहे.

गावांची बेरीज होत नव्हती, पण याद्यांची होते. म्हणजे गावे आपली सगळी अंतरे जशीच्या तशी घेऊन एका नॉर्म्ड अवकाशात राहायला गेली. फ्रेशेने १९१० च्या निबंधात विशिष्ट प्रकारच्या मेट्रिक अवकाशांसाठी ही युक्ती दाखवली, आणि काझिमिएझ कुराटोव्हस्कीने १९३५ साली कोणत्याही मेट्रिक अवकाशासाठी. अंतरे अमर्याद वाढत असतील तर प्रत्येक यादीतून एका ठरलेल्या गावाची यादी वजा करायची, एवढीच दुरुस्ती. तेव्हा ‘उलटे खरे नाही’ म्हणून थांबता येत नाही. प्रत्येक मेट्रिक अवकाश हा नॉर्म्ड अवकाश नसतो, पण प्रत्येक मेट्रिक अवकाश एखाद्या नॉर्म्ड अवकाशात अंतराचा तीळभरही बदल न होता राहू शकतो. आणि राहायला जाताना त्याने सोबत काय नेले? इतरांपासून आपण किती दूर आहोत, एवढीच नोंद. तीच त्याची ओळखही ठरली. पिढ्यान्‌पिढ्या मूळ गावापासून लांब राहिलेल्या आपल्यासारख्या समाजांना याचे वेगळे स्पष्टीकरण नको.

उलट बाजूनेही एक देणे आहे. १९३२ साली ल्वूव्हच्याच माझूर आणि उलाम यांनी सिद्ध केले, की दोन नॉर्म्ड अवकाशांत कुणालाही न वगळता अंतरे जपणारी जुळणी झाली, तर ती मध्यबिंदूचा मध्यबिंदू करतेच. शून्याच्या जागी शून्य ठेवले की बेरीजही जपली जाते. जुळणी करताना बेरजेचा उच्चारही केलेला नसतो! म्हणजे नॉर्म्ड अवकाशात नुसती अंतरे माहीत असली तरी विसरलेली बेरीज परत सापडते. १९०६ मध्ये फ्रेशेने बेरजेपासून मोकळे केलेले अंतर तिची आठवण मात्र आत बाळगून होते.

हे सारे घडवणारी मंडळी ल्वूव्हच्या ‘स्कॉटिश कॅफे’त जमत. संगमरवरी टेबलांवर पेन्सिलने गणिते चालत आणि पुसली जात. १९३५ मध्ये बानाखच्या पत्नीने एक जाड वही आणून दिली, तीत प्रश्न लिहिले जाऊ लागले. काहींना बक्षिसे असत. ६ नोव्हेंबर १९३६ रोजी माझूरने लिहिलेल्या १५३ व्या प्रश्नाला जिवंत बदक-हंस लावला होता. तो प्रश्न स्वीडनच्या पेर एन्फ्लोने १९७२ साली सोडवला, आणि माझूरने वॉर्सात त्याला खरोखरच टोपलीतून तो पक्षी दिला.

मधल्या छत्तीस वर्षांत काय झाले ते सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. १९३९ मध्ये शहर सोव्हिएत ताब्यात गेले, १९४१ मध्ये जर्मन. त्या जुलैत नाझींनी ल्वूव्हच्या प्राध्यापकांना गोळ्या घातल्या. बानाखला पहिली साहाय्यकाची नोकरी देणारे वोम्नित्स्की त्यांत होते. शाउडर १९४३ मध्ये मारला गेला. स्टाइनहाउस ज्यू, तो खोट्या नावाने खेड्यापाड्यांत लपून जगला. बानाख वाइगलच्या टायफस-लस संस्थेत उवांना स्वतःचे रक्त पाजण्याचे काम करून तगला, आणि ३१ ऑगस्ट १९४५ रोजी कर्करोगाने गेला. तिकडे बॉनमध्ये हाउसडॉर्फ नोकरीतून निवृत्त झालेला होता. छावणीत हजर होण्याचा हुकूम आला तेव्हा २६ जानेवारी १९४२ रोजी त्याने, पत्नीने आणि मेहुणीने विष घेतले. मेट्रिक अवकाशाला नाव देणाऱ्या माणसाला त्याच्याच शहरात जगायला जागा ठेवली नव्हती.

शहर मात्र तिथेच आहे. ऑस्ट्रियाचे लेम्बर्ग, पोलंडचे ल्वूव्ह, सोव्हिएतांचे ल्वोव आणि १९९१ पासून युक्रेनचे ल्विव. सीमा त्याच्यावरून किती वेळा सरकली हे बेळगावच्या वाचकांना समजावून सांगायला नको. वही वाचली. ती पोलंडमध्ये स्टाइनहाउसपर्यंत पोचली, आणि १९५७ साली उलामने तिचे इंग्रजी भाषांतर करून जगभर पाठवले. फ्रेशे ९४ वर्षे जगून १९७३ मध्ये वारला.

असो. गणिताच्या पुस्तकात व्याख्या येतात तेव्हा त्या आभाळातून पडल्यासारख्या वाटतात. पुढच्या वेळी घरातले कुणी मूल ‘नॉर्म्ड म्हणजे मेट्रिक, उलटे नाही’ असे घोकताना दिसले, तर त्याला कागदावर तीन गावे काढायला सांगा आणि याद्या करून वजाबाकी करायला लावा. पाच मिनिटांचे काम आहे.